पऱ्हाटीच्या कोळशानं हापशाचं पाणी शुद्ध होतं का?

धुऱ्यावरची_बाभूळ

नमस्कार. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, झरी-जामणी तालुक्यात. पाच एकर, कापूस आणि मधे तुरीचे तास. दरवर्षी पऱ्हाटी उपटली की धुऱ्यावर ढीग लागतो आणि एखाद्या संध्याकाळी तो पेटवून देतो. बोंडअळीचे कोष राहू नयेत म्हणून वावर लवकर मोकळं करा असं सगळेच सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण एकरी टनभर लाकूड नुसतं धूर होऊन जाताना बघवत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. घराजवळच्या हापशाचं पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड. पण त्यात फ्लोराईड आहे, अहवालात लिटरमागे २.८ मिलिग्रॅम लिहून आलं होतं. माझी पुतणी बारा वर्षांची आहे. हसताना ती तळहात तोंडावर धरते. दातांवर या फ्लोराईडच्या तपकिरी आडव्या रेघा आहेत, कितीही घासलं तरी जात नाहीत. सासूबाईंची मान पूर्ण वळत नाही, खाली बसल्या की उठताना खांब धरावा लागतो.

मागच्या महिन्यात शेतकऱ्यांच्या एका ग्रुपवर व्हिडिओ आला. शेतातल्या काडीकचऱ्याचा बायोचार, म्हणजे एक प्रकारचा कोळसा, करायचा, त्यातून पाणी गाळायचं, ९९ टक्के प्रदूषण निघतं, असं त्यात होतं. मी लगेच एक भट्टी लावली. प्लास्टिकच्या पिंपात खाली गोटे, वर वाळू, मधे वीतभर पऱ्हाटीचा कोळसा, असं करून ठेवलंय. पाणी छान गळतंय. हे पोरांना प्यायला देऊ का?

नमुना_बाटली

ताई, अजून देऊ नका. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर एक करा. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देऊन संच दिलेले आहेत. तुमच्या गावातला संच कुणाकडे आहे ते शोधा. हापशाचं पाणी आणि फिल्टरमधून आलेलं पाणी, दोन्हींची फ्लोराईडची चाचणी एकाच वेळी, शेजारी शेजारी करा.

वावरपुत्र

इतकं घाबरवायची गरज काय? आपल्याकडे तीन मडक्यांची उतरंड पिढ्यान्‌पिढ्या होती. एकात वाळू, एकात कोळसा, खालच्यात स्वच्छ पाणी. शाळेच्या पुस्तकातही चित्र होतं. आजी गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीची बी उगाळून टाकायची. कोळसा पाणी शुद्ध करतो हे काय आज कळलं का?

प्रयोगवही

मी तीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. वावरपुत्र म्हणतात ती उतरंड खरी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण ती गढूळपणा, वास आणि वाईट चव यांच्यासाठी होती. फ्लोराईडला वास नाही, रंग नाही, चव नाही. उतरंडीतून ते जसंच्या तसं खाली येतं.

बायोचार म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण व्हिडिओत ते नेमकं राहून जातं. काडीकचरा हवा कोंडून ३०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातला ओलावा, वायू, डांबर निघून जातं आणि कार्बनचा सांगाडा उरतो. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात, त्या तशाच राहतात. म्हणून पऱ्हाटीच्या कोळशाचा तुकडा आडवा मोडून भिंगाखाली धरलात तर मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसतो. या भोकांच्या आतल्या भिंती उलगडल्या तर एका ग्रॅममध्ये काही दहा ते काही शे चौरस मीटर जागा निघते. नारळाच्या करवंटीचा वाफेनं तयार केलेला सक्रिय कार्बन असतो, त्यात ती हजाराच्या आसपास जाते.

पण नुसती जागा असून भागत नाही. त्या भिंतीला काय चिकटतं हा खरा प्रश्न आहे. साध्या बायोचारच्या अंगावर आपल्या नेहमीच्या पाण्यात बहुधा ऋण भार असतो. शिसं, कॅडमियम, तांबं हे पाण्यात धन भार घेऊन फिरतात, त्यामुळे ते धरले जातात. शेणाच्या कोळशात तर फॉस्फेट असतं, त्याच्याशी शिशाचा न विरघळणारा क्षार तयार होतो आणि शिसं तिथेच बसतं. पाण्याशी फारसं न जमणारी सेंद्रिय रसायनंही कार्बनकडे ओढली जातात.

फ्लोराईड, नायट्रेट आणि आर्सेनिकचा आर्सेनेट यांच्यावर ऋण भार असतो. ऋण भिंतीला ऋण कण चिकटत नाही. तुमच्या फिल्टरमधून फ्लोराईड जवळजवळ सगळं बाहेर येईल. उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

धुऱ्यावरची_बाभूळ

सर, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. संच आमच्या आशाताईंकडे निघाला. दोन नळ्या शेजारी धरल्या. औषध टाकल्यावर गुलाबी रंग येतो आणि फ्लोराईड जितकं जास्त तितका तो पिवळ्याकडे झुकतो, तो तक्त्याशी लावून बघायचा. दोन्ही नळ्या सारख्याच पिवळट. आशाताईंनी तक्ता उन्हात नेऊन परत बघितला, तरी फरक नाही. वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पिंप पुतणीनं रंगवून ठेवलं होतं.

मग ते ९९ टक्के कुठून आलं?

पंचगंगाकाठ

यावर मी सांगू शकतो. मी इचलकरंजीत कापड प्रोसेसिंगमध्ये वीस वर्षं आहे. आमच्या भागात पंचगंगेच्या पाण्याचा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे. मधे एका युनिटमध्ये उसाच्या चिपाडाचा बायोचार वापरून रंगाचं पाणी साफ करायचा प्रयत्न झाला. आणलेला माल खरंच चांगला होता. दाखवायला मिथिलीन ब्लू घेतला. निळंशार पाणी बाटलीत घालून हलवलं, अर्ध्या तासात पाणी पांढरं. सगळे खूष.

मग खरं पाणी आणलं, रंगाच्या टाकीतलं. दोन दिवस ठेवलं, तांबडं ते तांबडंच.

कारण नंतर कळलं. मिथिलीन ब्लू धन भाराचा रंग, कोळशाला पटकन चिकटतो. आम्ही सुतावर वापरतो ते रिअॅक्टिव्ह रंग, त्यांच्यावर ऋण भार. ते पाण्यात सहज विरघळावेत म्हणूनच तसे केलेले असतात. शिवाय त्या पाण्यात मीठ भरपूर, सोडा भरपूर, सामू (पीएच) चढलेला. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात एकच रंग असतो, आमच्या टाकीत दहा गोष्टी एकाच जागेसाठी भांडत असतात. बायोचारवरचे कितीतरी शोधनिबंध मिथिलीन ब्लूवर आहेत, आणि तोच आकडा व्हिडिओत फिरतो. आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच पाण्याचा असतो.

प्रयोगवही

पंचगंगाकाठ, हे मी वर्गात शिकवायला हवं होतं, इतकं नेमकं लिहिलंत.

बाभूळताई, तुमच्या पुतणीला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू असतं. एका बाटलीत त्याचं फिकट द्रावण, दुसरीत लाल शाईचं. दोन्हीत धुतलेल्या कोळशाची सारखी पूड, रात्रभर ठेवा. विहिरीत टाकतात ती जांभळी दवा, पोटॅशियम परमँगनेट, ती मात्र प्रयोगाला घेऊ नका. तिचाही रंग जातो, पण ती कोळशाशी रासायनिक क्रिया होऊन जाते, कोळसा तिला धरून ठेवत नाही. बघणाऱ्याची फसगत होते.

तूस_आणि_माती

मी चिपळूणजवळून. आमच्याकडे पऱ्हाटी नाही, भाताचं तूस आणि करवंट्या. बचत गटात चार वर्षं बायोचार करतोय, मुख्यतः परसबागेसाठी. बाभूळताई, तुमच्या भट्टीबद्दल विचारायचं होतं. कोळसा कसा केलात, आणि कोळसा हातात चोळल्यावर हात साध्या पाण्यानं स्वच्छ होतात की साबण लागतो?

धुऱ्यावरची_बाभूळ

साबण लागला. आणि पहिल्या दिवशी फिल्टरचं पाणी चहासारखं पिवळसर आलं होतं, थोडा धुराचा वास. दोनशे लिटरच्या ड्रमात पऱ्हाटी कोंबून, पेटवून, वरून पत्रा टाकला होता. रात्रभर धुमसत होतं.

तूस_आणि_माती

तेच वाटलं. धुमसला की डांबर आतच थिजतं. ते डांबर आणि त्यातली बहुचक्रीय रसायनं पाण्यात उतरतात, त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. पाणी साफ करायला ठेवलेला कोळसा स्वतःच पाणी नासवतो. म्हणून हा कोळसा पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवा.

आम्ही आता खड्ड्याची भट्टी करतो. वर दीड मीटर रुंद, खाली निमुळता, कमरेपेक्षा कमी खोल, शंकूसारखा. स्वित्झर्लंडमध्ये लोखंडी शंकूची कोन-टिकी नावाची भट्टी २०१४ च्या सुमारास केली गेली, तिचंच हे मातीतलं रूप. तळाशी वाळलेल्या काड्या रचून वरून पेटवायच्या. काड्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच नवा पातळ थर. वरची ज्वाळा हवा खाऊन टाकते, खालच्या निखाऱ्याला हवा मिळत नाही, म्हणून तो जळून राख न होता कोळसा होऊन राहतो. धूर त्या ज्वाळेतच जळतो. धूर दिसायला लागला तर समजायचं थर जाड पडला किंवा काडी ओली आहे. एक बाई पूर्ण वेळ खड्ड्याजवळ लागते, सोडून जायचं नाही. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचं. विझवताना वाफ तोंडावर येते, वारा ज्या बाजूनं येतो तिकडे उभं राहायचं.

चांगला कोळसा एकमेकांवर आपटला की काचेसारखा टणटण वाजतो. हात साध्या पाण्यानं निघतात. पऱ्हाटीचं बुड जाड असतं, ते आधी तोडून वेगळं करा, नाहीतर आत तांबूस लाकूड राहतं. आणि मनाची तयारी ठेवा, टनभर पऱ्हाटीचा पाव टनही कोळसा निघत नाही.

वावरपुत्र

माझा पहिला प्रतिसाद रागात लिहिला होता, माफी. पण मग बायोचारला फ्लोराईडसाठी कामाला लावताच येत नाही का? बांगलादेशात कोळशाच्या मडक्यांनीच आर्सेनिक काढतात असं ऐकलंय.

नमुना_बाटली

बांगलादेशातल्या सोनो फिल्टरबद्दल ऐकलं असेल. अबुल हुसाम या रसायनशास्त्रज्ञांनी तो केला, २००७ मध्ये त्यांना त्यासाठी ग्रेंजर पारितोषिक मिळालं. त्यात वाळू, विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा असतोच, पण आर्सेनिक धरायचं काम लोखंडाचा थर करतो. कोळसा मदतनीस आहे.

फ्लोराईडचंही असंच. कोळशाच्या अंगावर अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमची संयुगं चढवली तर तो फ्लोराईड धरतो. केनिया, टांझानियात हाडांचा कोळसा वापरतात, कारण हाडात जे कॅल्शियम फॉस्फेट असतं ते फ्लोराईडला आपल्यात घेतं. मग घरी तुरटीच्या पाण्यात कोळसा भिजवू का, असा पुढचा प्रश्न येणार. घरी नको. अॅल्युमिनियम पाण्यात उतरलं तर त्याचीही मर्यादा आहे, ०.०३ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर ०.२ पर्यंत. ते मोजायची सोय नसताना हा प्रयोग घरच्यांवर करायचा नाही. तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवून दिली आहे, पण तीही मापात करावी लागते आणि खालचा गाळ रोज काढावा लागतो. सक्रिय अॅल्युमिनाचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या संयुगाच्या सच्छिद्र दाण्यांचे, फिल्टर मिळतात, तेही ठरावीक काळानं भरून जातात आणि परत ताजे करावे लागतात. कुणी ताजे करायचे हे ठरलेलं नसलं की गावातला असा संच वर्षभरात बंद पडतो. मी बंद पडलेले बरेच बघितलेत.

भारतीय मानकात फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर १.५. तुमचं २.८. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आणल्याखेरीज शेवटची मर्यादासुद्धा गाठता येत नाही, एकपर्यंत आणायचं तर साधारण एक तृतीयांशावर. अशा वेळी पिण्या-स्वयंपाकापुरता स्रोतच बदलणं हे सगळ्यात खात्रीचं. पावसाच्या पाण्यात फ्लोराईड नसल्यातच जमा. वीस चौरस मीटर पत्र्याचं छप्पर, ९०० मिलिमीटर पाऊस, त्यातला ८० टक्के हाती लागला तर १४,४०० लिटर होतात. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि शिजवायला दिवसाला २५ लिटर धरा, आठ महिन्यांचे ६,००० लिटर झाले. तेवढी झाकलेली टाकी बसली की हापसा फक्त धुण्या-भांड्यांना. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्यायचं.

आणि फिल्टरचा कोळसा ठेवणाऱ्या सगळ्यांनाच एक सांगतो. कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो. टाकीत ब्लीचिंग पावडर घातलेलं पाणी कोळशातून गाळलंत तर त्यातलं संरक्षण निघून जातं आणि कोळशाच्या भोकांत जिवाणू वाढतात. कोळसा आधी, क्लोरीन नंतर.

वावरपुत्र

फवारणीच्या औषधांचं काय? आमच्या विहिरीशेजारीच पंप धुतात. मी कितीदा सांगितलं.

प्रयोगवही

औषधा-औषधात फरक आहे. क्लोरपायरीफॉस पाण्यात फार कमी विरघळतं, ते कार्बनला चांगलं चिकटतं. मोनोक्रोटोफॉस पाण्यात पूर्ण मिसळतं, त्याला कोळसा नीट धरत नाही. डोळ्यांना दोन्ही पाणी सारखंच दिसतं. विहिरीशेजारी पंप धुणं थांबवा. त्यासाठी पिंपभर कोळसा लागत नाही, दोन माणसांना उभं राहून सांगावं लागतं. आणि हो, ज्या कोळशानं कीटकनाशक किंवा शिसं धरलंय तो परत वावरात टाकायचा नाही. धरलेलं विष त्यातच असतं.

तूस_आणि_माती

मग तुमच्या कोळशाचा उपयोग सांगते, कारण पऱ्हाटी तर दरवर्षी निघणारच. मोरीचं, भांडी घासल्याचं पाणी दाराशी साचतं ना, त्याला लावा. आमच्या दारात दोन फूट खोल, चार फूट लांब चर आहे. खाली खडी, मधे मुठीएवढ्या कोळशाचा थर, वर पालापाचोळा, कडेला कर्दळ आणि अळू. तेलकटपणा आणि अन्नाचे कण वरच अडकतात, वास थांबतो. कोळशावर जिवाणूंचं बिऱ्हाड बसतं, घाण खाण्याचं खरं काम तेच करतात, कोळसा त्यांना घर देतो आणि अमोनिया धरून ठेवतो. वर्षानं तो कोळसा उपसून शेणखतात मिसळते. त्यात त्रासदायक धातू नसतात, नत्र असतं. पाणी पिण्याचं नाही, अळूला घालायचं आहे. त्यासाठी हाताला साबण लागणारा कोळसाही नको बरं, नवीन करा.

धुऱ्यावरची_बाभूळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कामं चालू होती.

खड्ड्याची भट्टी लावली. पहिल्या वेळी थर जाड पडला, धूर झाला, शेजारचे धावत आले. दुसऱ्या वेळी जमलं. अंधार पडल्यावर ज्वाळा खड्ड्याच्या काठाला धरून गोल फिरत होत्या आणि वर धूर जवळजवळ नव्हता. सकाळी कोळसा उपसला, पुतणीनं दोन तुकडे आपटून वाजवून बघितले. हात पाण्यानं निघाले.

शाळेत गुरुजींनी बाटल्यांचा प्रयोग करून दाखवला. निळी बाटली सकाळपर्यंत स्वच्छ झाली. लाल शाईची गुलाबीच राहिली, थोडी फिकी. पुतणीनं आपणहून विचारलं, मग आपलं फ्लोराईड लाल शाईसारखं का? सर, तुमचं उत्तर तिनं वहीत उतरवून घेतलंय.

दाराशी चर खणला. अळू मिळालं नाही, कर्दळ लावली. आठ दिवस झाले, सकाळी दार उघडलं की येणारा वास गेलाय. सासूबाई आता तिथे खाट टाकून बसतात.

टाकीसाठी ग्रामसभेत अर्ज दिलाय, शाळेच्या छपरावरून सुरुवात करू असं बहुतेक ठरेल. तोवर गावाच्या खालच्या अंगाला एक जुनी उथळ विहीर आहे, तिचं पाणी तपासून घ्यायचं आशाताईंच्या मनात आहे. नमुना कसा पाठवू? घरी काचेच्या सरबताच्या बाटल्या आहेत.

नमुना_बाटली

काचेची नको ताई. फ्लोराईड काचेशी क्रिया करतं, नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीतच घ्यायचा. बाटली त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळा, मग काठोकाठ भरा. त्याच दिवशी हापशाचाही एक भरा, दहा मिनिटं हापसून झाल्यावर. जिवाणूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, ती भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून आधी आणून ठेवा. बाटलीवर तारीख, वेळ आणि कुठलं पाणी ते पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई ओल्या हातानं पुसली जाते.

धुऱ्यावरची_बाभूळ

सोमवारी घेऊन जाते. पेन्सिल पुतणीनं आत्ताच तासून ठेवली.